पदराचा प्रश्न : आईच्या डिमेन्शिया केंद्राचा 11 महिन्यांचा अनुभव

पुण्यातल्या एका डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) केंद्रात आई 11 महिने होती. महिना 38,000 रुपये, डायपर आणि फिजिओ वेगळे, दोन महिन्यांचं डिपॉझिट. नर्स, रॅम्प, कॅमेरे, कुलूपबंद फाटक हे सगळीकडे सारखंच असतं, त्यावर लिहीत नाही. मला बोलायचंय ते गाउनबद्दल.

आईने 31 वर्षं शाळेत शिकवलं, सुती साडी आणि खांद्याला पिन लावलेला पदर. दाखल केल्यावर चौथ्या दिवशी गेले, तर मागून नाड्या बांधायच्या फिक्या निळ्या गाउनमध्ये तिला खुर्चीत बसवलेलं. माझ्यामागून माझा नवरा आत आला आणि आईचा हात खांद्यावर गेला, पदर सावरायला. तिथे पदर नव्हता. बोटं गाउनचं कापड चिमटीत धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. माझं नाव तिला आठवत नव्हतं, पण पुरुषमाणूस समोर आलं की पदर घ्यायचा हे हाताला पाठ होतं. तिथल्या देखभाल करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्यांचा दिवसभर तोच चाळा असतो." रजिस्टरमध्ये 'अस्वस्थ, कपडे ओढतात' अशी नोंद होती आणि त्यावरून रात्रीची गोळी वाढवायचं चाललं होतं. ते वाचून माझं डोकं फिरलं. एका पदरासाठी गोळी!

व्यवस्थापकांचं म्हणणं, साडी पायात येते, पडल्या तर खुबा मोडेल, शिवाय डायपर बदलायला वेळ लागतो. मी मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं कलम 20 छापून नेलं. रुग्णाला स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, संस्थेच्या गणवेशाची सक्ती करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. "आमचं केंद्र त्यात येत नाही," म्हणाले. तीन आठवडे हेच. त्या दिवसांत हे लिहिलं असतं तर केंद्राला रेटिंगची एक चांदणीसुद्धा दिली नसती.

आता मत बदललंय, पूर्ण नाही. पडण्याची भीती खोटी नव्हती; घरी आई साडीत अडखळून दोनदा पडली होती, ते मी भांडताना सोयीने विसरले. वाट काढली ती रात्रपाळीच्या मावशींनी. त्यांनी सुचवलं तसं आईच्याच जुन्या साड्यांचं शिवून घेतलं: खाली घोट्याच्या चार बोटं वर राहील असा घेर, मागे पूर्ण उघडा, कमरेला वेल्क्रो. ब्लाउजला पुढून वेल्क्रो. पदर वेगळा, खांद्यावर टिचबटणाने लावायचा, म्हणजे कुठे अडकला तर सुटून येतो. शिलाई एका जोडाला 450 रुपये, तीन जोड. डायपर बदलायला गाउनइतकाच वेळ लागतो, मी स्वतः उभं राहून पाहिलंय. पहिल्या दिवशी आईने पदर पुढे घेतला, टोक मुठीत धरलं आणि हात मांडीवर ठेवून शांत बसली. गोळी वाढवावी लागली नाही. त्याच मावशींनी तिला 'ए आजी' सोडून 'बाई' म्हणायला सुरुवात केली, आणि 'बाई' म्हटलं की ती मान वर करून बघायची.

नवव्या महिन्यात गिळणं कमी झालं. केंद्राने नाकातून नळी घालायचं सुचवलं. मी आधी हो म्हणणार होते, आईला उपाशी कसं ठेवायचं? पॅलिएटिव्हच्या (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांनी नीट समजावलं: या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढत नाही, घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही, पेशंट नळी उपसतो आणि मग हात बांधावे लागतात. आईचे हात बांधायचे, ही कल्पनाच सहन झाली नाही. चमचाच ठेवला. समोर तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, अर्धा चमचा पेज, गळा हलेपर्यंत थांबायचं, मगच पुढचा. अर्धी वाटी संपायला चाळीस मिनिटं. तोंड फिरवलं की तिथेच थांबायचं. यात केंद्राने कुठेही हात आखडला नाही, हे मोकळेपणाने सांगते.

आईचं याबाबत लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे आम्हा भावंडांत फार ओढाताण झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर अशा वैद्यकीय इच्छापत्रावर (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायचा कागद) न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची; जानेवारी 2023 पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. मी माझं करून टाकलंय. आईचं करायचं तर निदान झालं तेव्हाच करायला हवं होतं, तेव्हा ती सही करू शकत होती.

केंद्र बघायला जाल तेव्हा दुपारी तीनला जा, दिवाणखान्यात किती जण एकसारख्या गाउनमध्ये आहेत ते मोजा. मावशी हाक कशी मारतात ते ऐका. दार लावून डायपर बदलतात का, तेही बघा. आमच्याकडे पडदा होता, पण ओढायचं विसरायचे, शेवटपर्यंत.

आई पहाटे गेली. आम्ही पोचलो तेव्हा रात्रपाळीच्या मावशींनी तिला पुसून, शिवलेली नव्हे, अख्खी साडी नेसवून ठेवली होती. ती साडी मीच कपाटात ठेवलेली.

डिपॉझिट परत करताना 'कपडे धुलाई' म्हणून 2,000 रुपये कापले. आईचे कपडे मी दर रविवारी घरी नेऊन धूत होते. ते पैसे मी सोडणार नाही, अर्ज दिलाय.