अ‍ॅव्हेंजरचा मागचा टायर बदलून नऊ महिने झाले: 130/90-15 चा अनुभव

माझी मोटरसायकल म्हणजे बजाजची क्रूझर, अ‍ॅव्हेंजर 220 क्रूझ, तारांच्या चाकांची. रोज इंदुरात सुदामानगर ते विजयनगर, आणि महिन्यातून एकदा तरी बायकोला डबलसीट घेऊन ओंकारेश्वर किंवा महेश्वर. मूळचा मागचा टायर 23 हजार किलोमीटर चालला. मार्च 2024 मध्ये तो बदलला. आता डिसेंबर संपत आलाय आणि नव्यावर 7,400 किलोमीटर झालेत, म्हणून लिहायला बसलो.

जुना टायर संपलाय हे मला डोळ्यांआधी हँडलने सांगितलं. क्रूझर सरळ रस्त्यावरच जास्त पळते, त्यामुळे टायर मधोमध झिजून सपाट होतो आणि कडा तशाच राहतात. भंवरकुआंच्या वळणावर गाडी आधी अडून बसायची आणि मग एकदम कलायची. घरी येऊन बघितलं, तर मधल्या खाचेतला झीज दाखवणारा उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आला होता. टायरच्या बाजूवर ‘टीडब्ल्यूआय’ लिहिलेलं असतं, त्याच्या सरळ रेषेत हा उंचवटा सापडतो. दुचाकीला नियमाने किमान 0.8 मिलिमीटर खाच लागते. पण पावसाळा तोंडावर असेल तर तिथपर्यंत थांबू नका.

माझं माप 130/90-15, म्हणजे 130 मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या 90 टक्के उंची आणि 15 इंची रिम. शोधायला लागलो तेव्हा कळलं की 15 इंची टायर मागणं म्हणजे चार दुकानं पालथी घालणं. हे माप अ‍ॅव्हेंजरला कावासाकी-बजाज एलिमिनेटरकडून आलंय. ती आपल्याकडे 2001 मध्ये आली होती. बाहेरच्या देशांत होंडा रेबेल 250 आणि यामाहा व्हिरागो 250 यांनाही मागे हाच 130/90-15 टायर असायचा. इथे मात्र दुकानात 17 आणि 18 इंचींचे ढीग, आणि आपल्याला उत्तर एकच, ‘कल आना भिया.’

एका दुकानात लगेच मिळाला, ‘एकदम ताजा माल’ म्हणून. मी मोबाइलचा उजेड पाडून बाजूचे चार आकडे वाचले. 3120, म्हणजे 2020 सालचा 31 वा आठवडा. साडेतीन वर्षं पडून राहिलेला! अंगठ्याचं नख दाबलं तर रबर जराही दबेना. मी तो घेतला नाही. दोन दिवसांनी दुसरीकडे एमआरएफचा झॅपर मिळाला, आकडे 4823. नव्या ट्यूबसकट आणि बसवणुकीसकट सुमारे 3,500 रुपये लागले. घाई असली तरी हे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, अगदी कळकळीने सांगतोय.

मित्राने 140 चा रुंद टायर टाकायचा आग्रह केला होता. दिसतो छानच. पण रिम तेवढीच राहते, त्यामुळे टायर कडांनी आवळला जातो, त्याची गोलाई बदलते आणि चेनच्या बाजूची जागा कमी होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. क्रूझरवर आपण मागे रेलून बसतो, पाय पुढे असतात. खड्डा आला की साध्या गाडीसारखं पायांवर उठता येत नाही, सगळा हिसका कमरेत जातो. 130 चे 90 टक्के म्हणजे 117 मिलिमीटर, एवढी उंच या टायरची भिंत आहे. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या आधी हिसका तीच पिते. रुंदीच्या नादात ही उंची कमी होणार असेल, तर तसला देखणेपणा मला नको. बाजूवर ‘66पी’ लिहिलेलं आहे का तेही बघून घेतलं. 66 म्हणजे 300 किलो भार आणि पी म्हणजे ताशी 150 किलोमीटर. याहून कमी क्षमतेचा टायर डबलसीटवाल्याने घेऊ नये.

बसवताना मी शेजारीच उभा होतो. तारांच्या टोकांवरची रबरी पट्टी फाटली होती, ती बदलून घेतली, नाहीतर ट्यूब घासून गेली असती. बाणाची दिशा बघितली. हवा भरल्यावर चाक फिरवून टायरच्या काठाची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी आहे का हे पाहिलं. एका जागी ती आत दबली होती, तेव्हा हवा सोडून पुन्हा बसवायला लावला.

पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवली, नव्या रबराचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत. त्यानंतर भंवरकुआंचं वळण पुन्हा पहिल्यासारखं झालं, गाडी एका चालीत कलते आणि उठते. जुलैत भेरूघाट भर पावसात उतरलो. मागचा ब्रेक दाबल्यावर टायर न घसरता रस्ता धरत होता. फक्त रस्त्याकडेच्या काळ्या मातीत उतरायचं नाही. माळव्यातली ही माती खाचांमध्ये लुकणासारखी भरते आणि मग कुठलाच टायर धरत नाही.

ट्यूबचा त्रास मात्र आहेच, आणि तो तारांच्या रिमचा आहे. ऑगस्टमध्ये चोरलजवळ खिळा घुसला आणि हवा झटकन बसली. दीडशे किलोवरची गाडी ढकलत नेली. पंक्चरवाल्याने टायर चढवताना लोखंडी पट्टीत ट्यूब चिमटली, म्हणजे दुसरं पंक्चर तिथेच. दीड तास गेला. तेव्हापासून एक ट्यूब डिकीत असते. बायको तर आता निघण्याआधी तीच आठवण करून देते.

हवा दर रविवारी सकाळी, टायर गार असताना, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे भरतो. डबलसीटचा आकडा वेगळा असतो, तोही पाळतो. मेच्या उन्हात दुपारी मोजून ‘जास्त आहे’ म्हणत हवा कमी करण्याची चूक मी आधी केली होती. गाडी गार झाल्यावर ती फार कमी निघाली. जुना टायर त्या एका उन्हाळ्यात भराभर झिजला.

नवा असताना मधली खाच 7 मिलिमीटर होती, परवा मोजली तर 5 भरली. पुढचा 90/90-17 मात्र आता संपत आलाय. दुकानदाराला माप सांगून ठेवलंय आणि 2024 च्या आधीचा दाखवू नका असंही.