गंगापूर रोडचा कब्बाला वर्ग: वृक्ष नीट, तक्ता उलटा

कब्बाला म्हणजे ज्यू गूढविद्या. गंगापूर रोडवर शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा तिचा हा वर्ग भरतो. दहा सफिरोत, म्हणजे देवाचे दहा गुण, शिकायला जरूर जा, पण देवाच्या बहात्तर नावांचा तक्ता तिथला घेऊ नका.

या दहांची मांडणी दाखवणारा वृक्ष छान शिकवतात. उजवीकडे खोखमा, खेसेद, नेत्झाख. डावीकडे बिना, गेवुरा, होद. मधे केतेर, तिफेरेत, येसोद, मालखुत. शिकवणारे वर्गाकडे पाठ करून हात दाखवतात, हे फार चांगलं. समोरासमोर शिकवलं की उजव्या हाताचं खेसेद डावीकडे जातं. मात्र पुढे याच दहांवर सात चक्रं बसवतात. मग खोखमा आणि बिना एकाच चक्रात कोंबावे लागतात, आणि उजव्या-डाव्याचा तोल हा गाभाच हरवतो.

इतिहास घाईत उरकतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आलेला झोहर हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ, 1572 साली गॅलिलीतल्या साफेदला वारलेले कब्बालाचे गुरू इसहाक लुरिया, एवढंच. पण सांगतात ते बरोबर.

तक्त्याची चूक गंभीर आहे. नावं येतात बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 14:19-21 मधून. तिन्ही वचनांत प्रत्येकी 72 अक्षरं. पहिलं सरळ, दुसरं उलटं, तिसरं सरळ असं एकाखाली एक लिहायचं आणि उभी तीन-तीन अक्षरं घ्यायची. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण इथल्या छपाईत ते डावीकडून उजवीकडे लागलंय. पहिलं नाव वाव-हे-वाव, दुसरं योद-लामेद-योद. दोन्ही कुठूनही वाचा, सारखीच, म्हणून चूक लक्षात येत नाही. तिसरं तपासा: उजवीकडून सामेख, योद, तेत हवं, इथे तेत आधी येतं. अक्षरांवरून नजर फिरवण्याचा सराव अशा तक्त्यावर करण्यात अर्थ नाही.

सोबत विकला जाणारा, दृष्ट लागू नये म्हणून मनगटात बांधायचा लाल दोरा घेतला नाही तरी अभ्यासाचं काही अडत नाही.

सर्वांत मोलाचा भाग ओमेर मोजण्याचा. ओमेर म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या दुसऱ्या रात्रीपासूनचे 49 दिवस, ते अंधार पडल्यावर मोजायचे, कारण ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. पहिला आठवडा खेसेदचा: पहिल्या दिवशी खेसेदमधलं खेसेद, दुसऱ्या दिवशी खेसेदमधलं गेवुरा, असं मालखुतपर्यंत. रोज त्या गुणाची एक ठरवलेली कृती करायची. अख्खा दिवस सुटला तर आशीर्वचन न म्हणता पुढे मोजत राहायचं, हेही ते नीट सांगतात.

आयोजकांना एक विनंती. अक्षरलेखनाचा तास शनिवारी दुपारी असतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ज्यू परंपरेत लिहिणं वर्ज्य आहे, तेव्हा तो रविवारी सकाळी घ्यावा.