ग्यान्यारचं बाबी गुलिंग: कातडीच्या आधी पोटाजवळचं मांस मागा

बालीत डुक्कर खायचं असेल तर उबुदमध्येच थांबू नका, गाडीने अर्ध्या तासावर असलेलं ग्यान्यार गाठा. पोटात मसाला भरून लाकडाच्या आगीवर फिरवत भाजलेलं अख्खं डुक्कर, म्हणजेच बाबी गुलिंग, ही या गावाची खासियत. आम्ही वसईचे, नाताळात आणि लग्नाकार्यात आमच्याकडे डुक्कर शिजतंच. त्यामुळे मसाला आतपर्यंत मुरलाय का, हे मी आधी बघते.

गावाबाहेरच्या ज्या छोट्या खानावळीत आम्ही जेवलो, तिथे मागच्या अंगणात सकाळीच भट्टी पेटलेली होती. मालकीणबाईंनी हौसेने सगळं दाखवलं. हळद, आलं, कुलिंजन, लसूण, छोटे कांदे, मिरच्या, धणे, गवती चहा आणि थोडी आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट, असं जाडसर वाटण. ते टॅपिओकाच्या पाल्यात कालवून पोटात ठासायचं आणि पोट दोऱ्याने घट्ट शिवायचं. मग बांबूला अडकवून एक माणूस तासन् तास हाताने फिरवत बसतो. आग पोटाच्या बरोबर खाली नव्हती. मांड्या आणि खांदे जाड, म्हणून लाकडं त्या दोन टोकांना जास्त. कातडीवर मधूनमधून नारळाचं पाणी फिरवत होते, त्यानेच तो तांबूस चकाकता रंग येतो.

कातडी काचेसारखी कडक, वाद नाही. सगळे तिच्यासाठीच येतात. पण माझं मन गेलं ते बरगड्यांच्या आतल्या मांसावर. वाटणाला लागून शिजलेलं, हळदीने पिवळं पडलेलं, बोटांनी सुटणारं. सोबतचा तो पाला चरबी पिऊन इतका मऊ झाला होता की मी नुसता भाताशी खाल्ला. आमच्या इंद्यालात, म्हणजे वसईकडच्या डुकराच्या कालवणात, व्हिनेगरचा आंबटपणा पुढे असतो, इथे आंबट जवळजवळ नाहीच, सगळी मजा कंदांच्या वासाची. मांडीचं मांस मात्र कोरडं होतं आणि सूप खारट.

ताटात भात, मांस, कातडी, सॉसेज आणि लावर: बारीक चिरलेल्या शेंगा, खोबरं आणि मांस यांची कोशिंबीर. लाल लावरमध्ये रक्त घालतात, नको असेल तर पांढरं मागा. ताट 50,000 रुपिया, म्हणजे आपले अडीचशे-पावणेतीनशे. या चवीला हे पैसे काहीच नाहीत.

पूर्वी बाबी गुलिंग मुख्यतः पूजेअर्चेला आणि सणाला व्हायचं. गालुंगान सण 210 दिवसांनी येतो आणि त्याच्या आदल्या दिवशी घरोघरी डुक्कर कापतात. तेव्हा खानावळी बंद असू शकतात, म्हणून तारखा बघून जा. एरवीही अकराच्या आत पोहोचा, दुपारनंतर कातडी संपलेली असते आणि उरलेली नरम पडते. मालकीणबाईंना ‘पोटाजवळचं’ हे खुणेनेही कळतं, हवं तेवढं काढून देतात.