दांडेलीच्या शिबिराला बूट कुठले: उंच घोट्याचे की हलके जाळीचे?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडच्या शाळांना सुट्टी लागते. कोल्हापूरच्या मावसभावंडांच्या परीक्षा अजून व्हायच्या असतात आणि इकडे बेळगावात पोरांचे दांडेलीच्या जंगलातल्या शिबिराचे फॉर्म भरून झालेले असतात. सोबत सामानाची यादी येते. टॉर्च, टोपी, टॉवेल सगळं व्यवस्थित, आणि शेवटी एक मोघम ओळ: 'चांगले बूट'. चांगले म्हणजे कुठले, यावर आमच्या घरात दोनदा खल झाला. थोरला सातवीत असताना त्याला उंच घोट्याचे, वॉटरप्रूफ म्हणून मिळतात ते ट्रेकिंग बूट घेतले. तीन वर्षांनी धाकटी सातवीत गेली तेव्हा तिला घोट्याखालचे, जाळीचे हलके बूट. शिबिर दोघांचं तेच, गणेशगुडीच्या बाजूचं, पाच दिवसांचं. दोन पोरं म्हणजे चार पाय. एवढ्यावरच बोलतोय, हे आधीच सांगतो.

उंच बुटांची बाजू कमकुवत नाही. करवंदीच्या जाळीतून वाट काढताना काटा घोट्यापर्यंत पोचत नाही. पाय मुरगळायची भीती थोडी कमी होते, निदान घरच्यांची तरी. "साप-बीप असतंय तिथं" हे वाक्य आमच्याकडे आजीनं काढलं आणि चर्चा तिथंच संपली. दिसायलाही रुबाबदार. थोरल्यानं घरात दोन दिवस ते काढलेच नाहीत.

आता मुद्द्याचं. वैशाखात खानापूरजवळ मलप्रभेत नुसते खडक दिसतात, पण काळी नदीला पाणी असतं, कारण वर सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात. म्हणूनच उन्हाळ्यात तिथं राफ्टिंग चालतं. राफ्टमध्ये चप्पल चालत नाही, पायातून निघून वाहून जाते. थोरल्याकडे चप्पल आणि हे बूट, दोनच. दुसऱ्या दिवशी बूट घालूनच तो नदीत उतरला. वॉटरप्रूफ बुटाची गंमत अशी की बाहेरचं पाणी तो आत येऊ देत नाही, पण वरून एकदा आत शिरलेलं पाणीही तो बाहेर सोडत नाही. घोट्याभोवतीचा जाड फोम स्पंजसारखा पाणी धरून बसतो. रात्री तंबूच्या दोरीला बूट उलटे टांगले. नेमका त्याच संध्याकाळी वळीव आला. तिसऱ्या दिवशी तेच ओले बूट, ओल्या मोज्यांवर. त्या दिवशी सिंथेरी रॉक नावाच्या मोठ्या कातळापाशी जायच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या होत्या. संध्याकाळी त्यानं सरांच्या फोनवरून घरी फोन केला. धबधबा नाही, होडी नाही, पहिलं वाक्य हे: "पप्पा, चालताना आतनं चुपुक चुपुक वाजूलालंय."

चौथ्या दिवशी दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड. कॅनोपी वॉकला, म्हणजे झाडांच्या शेंड्यांजवळच्या उंच पुलावरून चालायला, सगळी पोरं गेली, हा चप्पल घालून तंबूपाशी बसला. त्या शिबिराची फी मी भरली होती, म्हणून जास्त लागलं असेल कदाचित. पण पोराचा एक अख्खा दिवस बुटांनी खाल्ला, हे काही मनातून जात नाही. घरी आल्यावर 'तरुण भारत'चे बोळे कोंबून बूट गॅलरीत ठेवले. बोळे तीनदा बदलले, तेव्हा कुठे आतून कोरडे लागले.

धाकटीच्या वेळी म्हणून उलटं केलं. जाळीचे बूट नदीत बुडतात, अगदी पहिल्या मिनिटाला बुडतात. पण काठावर येऊन चार पावलं टाकली की पाणी जाळीतून आपोआप निघून जातं. तिचे बूट रात्री दमट असायचे, सकाळी मोज्यांचा दुसरा जोड घातला की चालून जायचं. तोटे आहेत. बारीक वाळू आत जाते, दर तासाला बूट झाडावे लागतात, आणि एकदा करवंदीचा काटा जाळीतून थेट करंगळीत गेला. तिनं तो स्वतःच काढला आणि घरी आल्यावर दोन दिवस सगळ्यांना दाखवला.

हलके घेणार असाल तर तळ मात्र बघून घ्या, कारण खरी घसरगुंडी तिथं आहे. स्वस्त बुटांचा तळ बहुतेक पीव्हीसीचा असतो. कोरड्या वाटेवर काही कळत नाही, पण शेवाळलेल्या ओल्या दगडावर तो साबणासारखा सरकतो. मी दुकानात बुटाच्या तळाला अंगठ्याचं नख दाबून बघतो. नख थोडं रुतलं तर रबर मऊ, दगड धरेल. दुकानदार जरा विचित्र नजरेनं बघतो, बघू दे.

मापाचंही एक. या वयात पाय वर्षभरात एक नंबर सहज पुढं जातो, आणि बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत "दोन नंबर मोठे घ्या की, पुढच्या वर्षी चालतील" म्हणणारा दुकानदार भेटतोच. शाळेच्या बुटांना ठीक आहे. उतारावर मात्र सैल बुटात पाय पुढं घसरतो आणि अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, जाड मोजे घालूनच माप घ्यावं. बोटांपुढं अंगठाभर जागा पुरे. उंच महागडे बूट पुढच्या वर्षी कुणाला द्यायचे, हा प्रश्न हलक्या बुटांत निदान खिशाला कमी टोचतो.

कुठलेही घ्या, नवेकोरे घालून पाठवू नका. धाकटीला आधी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज सकाळी फिरवलं, मग दोन रविवार बेळगावजवळच्या राजहंसगडावर. पहिल्या रविवारी उतरताना टाच चुरचुरायला लागली म्हणाली. तिथंच बसवून चिकटपट्टी लावली. फोड यायच्या आधी ती चुरचुर ओळखायची, हे तिला तिथं कळलं, आणि शिबिरात तिनं दोन मैत्रिणींच्या टाचांनाही पट्ट्या लावल्या.

गोचिडांचं बुटांशी काही देणंघेणं नाही, पण सांगून ठेवतो. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप गोचिडीतून पसरतो, दांडेली ज्यात येतं त्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही रुग्ण सापडलेत, आणि त्याचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच असतो. लांब पँट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, आणि संध्याकाळी अंघोळ करताना गुडघ्यामागं, काखेत, कानामागं बघायचं. पोरांना हे लाजेचं वाटतं, म्हणून घरीच एकदा करून दाखवलेलं बरं.

हिमाचलात बर्फावर न्यायचं असेल किंवा पाठीवर जड सॅक घेऊन चालायचं असेल, तर मी उंच बुटांच्या विरोधात बोलणार नाही. तिथं ते लागतातच. आमचे अजून माळ्यावर आहेत, पाच नंबर, चार दिवस वापरलेले. त्यातले दोन दिवस ओले.