व्हिस्ट, सोलो की नॅप: आधी कोणता डाव शिकावा?

मेंढीकोट किंवा जजमेंट खेळलेल्या माणसाला हे ब्रिटिश डाव परके वाटत नाहीत. उतारी झाली की त्याच रंगाचं पान द्यायचं. ते नसेल तर हुकूम मारायचा किंवा हलकं पान टाकून मोकळं व्हायचं. बदलावी लागते ती एकच सवय: आपल्याकडे बऱ्याच घरांत डाव उजव्या हाताला फिरतो, तिथे तो डावीकडे जातो.

नियमांपुरतं पाहिलं तर तिन्ही खेळ एका संध्याकाळीत कळतात, त्यामुळे 'सोपा कुठला' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. मी निवड करताना दोनच गोष्टी बघते: कॅटमधली किती पानं खेळात असतात आणि आपला भिडू कोण हे कधी ठरतं.

व्हिस्टमध्ये चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकी 13 पानं. वाटणाऱ्याच्या वाट्याचं शेवटचं पान उघडायचं आणि त्याचा रंग हा हुकूम. बोली नसतेच. पहिले सहा हात हिशेबात येत नाहीत, सातव्यापासून प्रत्येक हाताला एक गुण. इतकं साधं, तरी लंडनमध्ये एडमंड हॉइल लोकांना पैसे घेऊन हा खेळ शिकवत, आणि 1742 मध्ये त्यांची व्हिस्टवरची पुस्तिका छापली गेली. का, ते खेळताना कळतं. सगळीच्या सगळी 52 पानं वाटलेली असल्यामुळे प्रत्येक पान कुणाच्या तरी हातात असतंच. समजा तुमच्याकडे चार बदाम होते आणि दोन फेऱ्यांत चौघांनीही बदाम दिले. आठ गेले, दोन तुमच्या हातात, म्हणजे बाहेर फक्त तीन. ही मोजणी एकदा अंगवळणी पडली की भिडूने दुसऱ्या रंगाची दुर्री का टाकली, त्याचाही अर्थ लागू लागतो. तोंडाने काही सांगायची मुभा नसते, जे सांगायचं ते पानांनीच. म्हणून दुसऱ्याने हलकं खेळावं, तिसऱ्याने वरचं पान घालावं, भिडूने काढलेला रंग त्याला परत द्यावा, असे जुने संकेत आधी शिकून घ्या. ते मोडायचे प्रसंग पुढे येतात.

व्हिस्टच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे ब्रिटनमध्ये गावोगावच्या सभागृहांत होणारे व्हिस्ट ड्राइव्ह, म्हणजे अनेक टेबलांवर एकाच वेळी चालणाऱ्या व्हिस्टच्या स्पर्धा. तिथे पान उघडत नाहीत, हुकूम ठरलेल्या क्रमाने बदलतो: बदाम, किलवर, चौकट, इस्पिक. प्रत्येक डावानंतर टेबलं आणि भिडू बदलतात, आणि तुम्ही जिंकलेले हात तुमच्या स्वतःच्या कार्डावर लिहिले जातात. ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला शेजारपाजारच्या वयस्क मंडळींची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. फक्त हातात असूनही रंग न देण्याची चूक टाळा. तिची परंपरागत शिक्षा तीन हातांची आहे.

सोलो व्हिस्ट बेल्जियमच्या गेंट शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिस्टमधून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आला. पानं तेवढीच, पण बोली आली. 'प्रॉप' म्हणणारा भिडू मागतो, 'कॉप' म्हणणारा होकार देतो आणि दोघांना मिळून आठ हात करायचे असतात. 'सोलो' म्हणजे एकट्याने पाच. 'मिझेर' म्हणजे हुकूम नाही आणि एकही हात घ्यायचा नाही. 'अबंडन्स' म्हणजे आपल्या पसंतीच्या हुकमाने नऊ. त्याहून वर उघडा मिझेर (आपली पानं सगळ्यांना दाखवून खेळायचा) आणि तेराही हातांची बोली. पानं प्रत्येक डावाला नीट पिसत नाहीत आणि तीन-तीन करून वाटतात. त्यामुळे एकाच खेळाडूकडे एकेका रंगाची पुष्कळ पानं येतात आणि मोठ्या बोल्या शक्य होतात. मिझेर तर मला या तिन्ही खेळांतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. हातात दुर्री-तिर्री असण्याचा आनंद दुसरीकडे कुठे मिळतो? जजमेंटमध्ये 'शून्य' बोलून निभावून नेण्यात ज्यांना मजा येते, त्यांनी थेट इथे यावं. चौघे कायमचे असतील तरच, कारण सोलोला एकमेकांच्या बोलीचा अंदाज लागतो.

नॅप चटकन खेळायचा. प्रत्येकी पाच पानं, दोनपासून पाचपर्यंत हातांची बोली, पाचही हातांची बोली म्हणजे 'नॅप'. बोली जिंकणारा पहिलं पान टाकतो, त्याचाच रंग हुकूम. चौघे बसले तर 32 पानं बाहेरच राहतात, त्यामुळे मोजणीचा उपयोग थोडा आणि छातीचा जास्त. तिघे किंवा पाच जण असाल तर मात्र हाच चालतो, बाकी दोघांना चौघेच लागतात.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, डेव्हन किंवा कॉर्नवॉलला राहणार असाल तर हे तिन्ही खेळ बाजूला ठेवा आणि युकर शिका. तिथल्या पबांत त्याच्या लीग चालतात. 25 पानांचा खेळ, 'बेनी' नावाचं पान सगळ्यांच्या वर, त्याखाली हुकमाचा गुलाम आणि मग हुकूम काळा असेल तर दुसरा काळा, लाल असेल तर दुसरा लाल गुलाम. गुलाम राजावर चढतो, याची सवय व्हायला थोडे डाव जातात.

बाकी सगळ्यांना मी व्हिस्टच सांगेन, निदान भिडूने टाकलेल्या पानांवरून त्याच्याकडची पानं ओळखता येईपर्यंत. पुढे सोलो घ्या किंवा ब्रिज, ही मोजणी दोन्हीकडे लागणारच आहे.