कारुआरूचा बाजार आणि आल्तो दो मोउराचे कुंभार

नागपूरच्या महाल भागात, चितार ओळीपासून दोन गल्ल्या सोडून, माझे बालपण गेले. गणपतीच्या आधी काही आठवडे त्या ओळीत ओल्या मातीचा वास भरलेला असे आणि मूर्ती ठरवायची ती घडवणाऱ्याच्या दारात उभे राहून, हा आमच्या घरचा रिवाज होता. त्यामुळे ब्राझीलच्या प्रवासाची आखणी करताना मी आणि माझ्या पत्नीने समुद्रकिनाऱ्यांचे दिवस कमी करून चार दिवस कारुआरूसाठी राखून ठेवले. हे परीक्षण त्या शहराच्या बाजाराचे आणि त्याच्या कडेला असलेल्या कुंभारवस्तीचे आहे.

कारुआरू हे पेर्नांबुको राज्यातील शहर रेसिफेपासून सुमारे १३० किलोमीटर आत आहे. रेसिफेहून बसने रुंद, चांगल्या महामार्गाने आपण तेथे पोहोचतो. किनाऱ्याची दमट हवा मागे पडते आणि आग्रेस्ते नावाचा, ओलसर किनारा व कोरडे अंतर्देशीय पठार यांच्या मधला प्रदेश सुरू होतो. इंग्रजीवर विसंबून येथे फारसे काम होत नाही. पोर्तुगीज भाषेतील आकडे आणि किंमत विचारण्याची दोन-चार वाक्ये पाठ करून गेल्यास व्यवहार पुष्कळ सोपा होतो.

शहराचा बाजार पूर्वी मध्यवस्तीत भरत असे. १९९२ मध्ये तो ‘१८ मे उद्यान’ या विस्तीर्ण जागेत हलवण्यात आला. ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने २००६ मध्ये या बाजाराची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. ही नोंद इमारतीची नसून स्थळ म्हणून बाजाराची आहे, आणि तेथे हिंडताना तिचा अर्थ उमगतो, कारण हा एक बाजार नसून अनेक बाजारांचा मेळ आहे. फळे आणि भाज्या, औषधी मुळ्या व पाला, चामड्याचे सामान, जुन्या वस्तूंच्या अदलाबदलीची जागा, आणि ‘सुलांका’ नावाचा स्वस्त तयार कपड्यांचा प्रचंड बाजार, असे एकेक भाग एकमेकांना लागून आहेत. सुलांकात दूरदूरच्या गावांचे किरकोळ व्यापारी गठ्ठ्यांनी माल उचलतात. इतवारी आणि गांधीबागेतील घाऊक कापडबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही धावपळ ओळखीची वाटेल. आमच्यासारख्या प्रवाशाने सुलांका एकदा फिरून पाहावा. त्यात खरेदीसाठी वेळ घालवण्याचे कारण नाही.

हस्तकलेच्या भागाबद्दल माझे मत संमिश्र आहे. विणलेले झुले, गुराख्यांच्या चामडी टोप्या, गवताच्या टोपल्या आणि कोर्देल, म्हणजे दोरीवर टांगून विकल्या जाणाऱ्या पद्यकथांच्या छोट्या पुस्तिका, येथे उत्तम मिळतात. कोर्देलच्या मुखपृष्ठावर लाकडी ठशाचे काळे-पांढरे चित्र असते. मी अशा सात पुस्तिका आणल्या आणि त्यांची किंमत अगदी माफक होती. मातीच्या बाहुल्यांबाबत मात्र सावध राहावे. एका दुकानात हाताने घडवलेली म्हणून घेतलेली वादकांची जोडी मुक्कामी येऊन पाहिली, तेव्हा दोन्ही बाहुल्यांच्या कुशीवर साच्याची शीव दिसली आणि रंग बोटांना लागला. साचा वापरणे हा गुन्हा नाही. परंतु हातकामाचे मोल घेऊन साच्यातील माल देणे मला मान्य नाही.

म्हणूनच माझा आग्रह आहे की मातीची वस्तू घ्यायची असेल तर शहराच्या मध्यापासून काही किलोमीटरवर असलेल्या आल्तो दो मोउरा या वस्तीत जावे आणि त्यासाठी अर्धा नव्हे, पूर्ण दिवस द्यावा. या वस्तीचे नाव व्हितालिनो परेरा दोस सांतोस यांच्याशी जोडलेले आहे. लोक त्यांना ‘मेस्त्रे’, म्हणजे उस्ताद, म्हणतात. त्यांचा जन्म १९०९ चा. आई घरगुती भांडी घडवीत असे आणि उरलेल्या मातीतून हा मुलगा बाजारात विकायला खेळण्यातील जनावरे करू लागला. १९४७ मध्ये रिओ दि जानेरो येथील प्रदर्शनामुळे त्यांचे काम देशभर पोहोचले. १९६३ मध्ये देवीच्या रोगाने ते गेले. त्यांचे साधे घर आता संग्रहालय आहे. ते लहान आहे, पण खोल्यांच्या आकारावरून हा माणूस किती थोडक्यात राहत होता, हे कळते.

व्हितालिनो यांनी आपल्या भोवतीचे जगणे मातीत उतरवले: दुष्काळामुळे घरदार सोडून निघालेले कुटुंब, गुराखी, बासरी आणि ढोलांचा ताफा, झुल्यात घालून नेलेले प्रेत. ते स्वतः पीफानो ही बासरी वाजवीत. त्यांची सर्वांत ओळखीची वस्तू मात्र बैल आहे. तो पाहताना मी बराच वेळ जागचा हललो नाही, कारण विदर्भात पोळ्याला मातीचे बैल पुजले जातात आणि तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी नंदी ओढत घरोघर जातात. आमच्याकडील बैल सण संपला की बाजूला ठेवला जातो; येथे त्याच जनावराने एका वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्याचे साधन दिले आहे.

आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांत पुढच्या खोलीत विक्री आणि मागे काम चालते. एका कारागीर बाईंनी आम्हांला मागच्या अंगणात नेऊन लाकडावर पेटणारी भट्टी दाखवली, ओल्या मातीचा गोळा माझ्या हातात दिला आणि पायांची जाडी कमी ठेवली तर भाजताना ते का तडकतात, हे खुणांनी समजावले. त्यांनी घाई केली नाही आणि काही घ्या असे सुचवलेही नाही. बैल मी निवडला, तेव्हा तळाशी कोरलेले आपले नाव त्यांनी बोटाने दाखवले. तळाशी नाव आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणीही तेथे पैसे देऊ नयेत.

जेवणासाठी याच वस्तीत बोकडाच्या रश्श्याची बरीच उपाहारगृहे आहेत. सावजी मसाल्याची सवय असलेल्या नागपूरकराला हा रस्सा सौम्य वाटेल, परंतु मांस मऊ शिजलेले होते आणि सोबतचा मक्याचा वाफवलेला कुसकुस मला फार आवडला.

जून महिन्यात येथे संत जॉनचा उत्सव चालतो, रात्रभर अकॉर्डियन, ढोल आणि त्रिकोणी घंटा यांवर फोर्रो संगीत वाजते आणि मक्याचे पदार्थ जागोजागी मिळतात. उत्सव पाहायचा असेल तर निवासाची नोंदणी काही महिने आधी करावी. केवळ कारागिरांना भेटायचे असेल तर दुसरा महिना निवडावा, कारण गर्दीत त्यांना बोलायला उसंत नसते. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो आणि तो निर्णय योग्य ठरला.

परतीच्या सामानात बैल हातातल्या पिशवीत ठेवावा, मोठ्या बॅगेत नव्हे. मी सुलांकातून घेतलेल्या दोन सुती बनियनांत तो गुंडाळून आणला, तरी एका शिंगाचे टोक उडाले. ते चिकटवून यंदाच्या तान्ह्या पोळ्याला नातवाच्या लाकडी नंदीशेजारी आम्ही त्याला उभे केले आणि दोघांनाही कुंकू लावले.