चेस ९६० : आठ महिने खेळल्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलं होतं, आता आठ महिने होत आले. साधं बुद्धिबळ जवळजवळ बंदच झालंय, फोनवर आणि घरी पटावर मिळून सहाशेच्या वर डाव झाले असतील, म्हणून आता लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. प्यादी नेहमीच्याच जागी, चालीही त्याच, फक्त मागच्या ओळीतले मोहरे दर डावाला नव्याने मांडायचे, काळ्याचे आणि पांढऱ्याचे समोरासमोर सारखेच. अटी दोन, एक उंट काळ्या घरात आणि एक पांढऱ्या घरात, आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी. उंटांच्या जागा ४ गुणिले ४, वजिराला उरलेल्या ६ घरांपैकी एक, घोड्यांच्या १० जोड्या, आणि मग राहिलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती आपोआप बसतात. गुणाकार केला की ९६०. आपली रोजची मांडणी ही त्यातलीच एक. माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला हा प्रकार जाहीर केला, ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या पाठांतराने खेळाचा जीव चाललाय असं त्याचं ठाम मत होतं, म्हणून याला फिशर रँडम पण म्हणतात.

माझं तसंच झालं होतं. काळ्याकडून बारा वर्षं किंग्ज इंडियन नावाची एकच ओपनिंग, पहिल्या दहा चाली डोळे झाकून, आणि खरा विचार सुरू व्हायचा तोवर घड्याळ आणि पट दोन्ही समोरच्याच्या बाजूने असायचे.

९६० मधला पहिला धडा अगदी पहिल्याच आठवड्यात मिळाला आणि तो मी अजून विसरलेलो नाही. मांडणी अशी होती, डावीकडून उंट, उंट, घोडा, हत्ती, राजा, हत्ती, घोडा, वजीर. म्हणजे (पांढऱ्याच्या बाजूने बघितलं तर उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी खालून १ ते ८) पांढऱ्याचा एक उंट ए१ च्या कोपऱ्यात आणि त्याच कर्णाच्या दुसऱ्या टोकाला एच८ वर माझा वजीर. समोरच्याने प्यादं सरकवून बी३ केलं, मी सवयीने तसंच जी६ केलं, बारा वर्षं तेच करत आलोय ना, आणि त्याच्या उंटाने कोपऱ्यातून सरळ येऊन वजीर उचलला. दुसऱ्याच चालीला! बदल्यात काही नाही, उंटाला परत मारायलाही कोणी नाही. मी पाच मिनिटं नुसता त्या पटाकडे बघत होतो. त्या दिवसापासून पहिली चाल करण्याआधी मी खरंच पट बघतो, कुठलं प्यादं राखलेलं नाही, कुठला उंट कोणत्या प्याद्याच्या मागे दबा धरून बसलाय. साध्या मांडणीत आठही प्यादी सुरुवातीलाच राखलेली असतात हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलंच नव्हतं, इथे काही मांडण्यांत एखादं प्यादं उघडं असतं आणि ते बघितलं नाही तर गेलंच.

दुसरी गोष्ट बाबांची. बाबा कॉलेजात असताना चांगले खेळायचे, १९७२ ची फिशर-स्पास्की मॅच पेपरातून चाली वाचून पटावर मांडत बसायचे असं आजी सांगायची. पण गेली वीस वर्षं पट माळ्यावर. मी बोलावलं की म्हणायचे, "नको रे, तुमची ती सगळी थिअरी आता माझ्या लक्षात राहत नाही." डिसेंबरमध्ये त्यांना म्हटलं बाबा, इथे थिअरीच नाहीये, बसा तरी. बसले. घरी मांडणी ठरवायला आम्ही लुडोचा फासा वापरतो, आधी काळ्या चार घरांतून उंट (पाच-सहा पडले तर परत टाकायचा), मग पांढऱ्या घरांतला, मग वजीर, मग दोन घोडे मोकळी घरं मोजून. मिनिटभराचं काम आहे. बाबांना ते फासा टाकणंच फार आवडतं, मांडून झालं की चष्मा वर करून दोन-तीन मिनिटं काही बोलत नाहीत आणि मग सांगतात, "कोपऱ्यातला उंट म्हणजे तोफ आहे बघ, आधी तिच्या तोंडासमोरचं प्यादं हलव." माझ्यापेक्षा रेटिंगने कितीतरी खाली असलेला माणूस मला तीनात एक डाव हरवतो, कारण पहिल्या चालीपासून ते खेळत असतात. ते मला या आठ महिन्यांत मिळालेलं सगळ्यात मोठं आहे.

आता त्रासाच्या गोष्टी. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणं. राजा-हत्ती कुठूनही निघाले तरी शेवटी नेहमीच्याच घरात येतात, म्हणजे उजवीकडे केलं तर राजा जी वर, हत्ती एफ वर, डावीकडे राजा सी वर आणि हत्ती डी वर. ऐकायला सोपं आहे, पण वर सांगितलेल्या मांडणीत हत्ती आधीच एफ वर आणि डी वर असतात, घोडा हलला की नुसता राजा उडी मारून जातो आणि हत्ती जागचा हलतच नाही. बाबांना हे पटायला आठवडा लागला. एका ॲपवर कॅसलिंगसाठी राजा हत्तीवर नेऊन ठेवायचा असतो, मी घाईत राजा नुसता एक घर सरकवून कॅसलिंगचा हक्क घालवलाय, एकदा नाही, चार-पाचदा. नवीन माणसाने आधी कॉम्प्युटरसमोर दहा-वीस डाव फक्त याच्यासाठी खेळावेत.

मांडण्या सगळ्या सारख्या न्यायाच्याही नाहीत, काहींमध्ये पांढऱ्याला पहिल्यापासून जास्तच सोपं जातं. आम्ही एक मांडणी दोनदा खेळतो, रंग बदलून, की प्रश्न मिटला. शिवाय ऑनलाइन तीन-पाच मिनिटांचे डाव लगेच मिळतात पण पंधरा मिनिटांच्या डावाला जोडीदार मिळवायला वाट बघावी लागते, आणि हा खेळ घाईत खेळला तर पहिल्या पाच चालींतच चुका होतात, मजा जाते.

मोठे लोकही यात चाचपडतात हे बघून धीर येतो. २०१९ मध्ये नॉर्वेला फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, या प्रकारातल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या वेस्ली सोने तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनला फायनलमध्ये १३.५-२.५ असं हरवलं होतं, आणि २०२५ मध्ये लास व्हेगासला आपल्या प्रज्ञानंदने कार्लसनला हरवलं. तो डाव मी बाबांसोबत रात्री दोनदा बघितला, प्रत्येक चालीला थांबवून, आता पुढे काय खेळेल ते आधी सांगायचं अशी पैज लावून.

साधं बुद्धिबळ सोडा असं मी म्हणत नाही, शाळेतल्या मुलांना ओपनिंगची तत्त्वं तिथेच नीट कळतात. पण ज्यांचा पट माळ्यावर पडलाय आणि आता लक्षात राहत नाही म्हणून जे बसत नाहीत त्यांच्यासमोर एकदा फासा ठेवून बघा. आमच्याकडे काल रात्रीची मांडणी अजून टेबलावर तशीच आहे, बाबांचा वजीर ए१ ला, माझा ए८ ला, आणि आज त्यांचे पांढरे आहेत.